रशीदसरांचे दहा नकार

चाकूर मागं पडेपर्यंत माझं ठरलं होतं, आज सरांना सांगायचंच. नांदेडच्या गाडीत खिडकीशी बसून काय बोलायचं ते मनात चारदा घोळवलं. पण रशीदसरांना पलंगावर पाहिलं आणि... हाताची नुसती काडी झालेली. फरीदाभाभींनी पाठीला उशी देऊन त्यांना बसतं केलं. मला बघून म्हणाले, "आक्का, तुमच्या मेसचं वरण आठवून राहिलं बघा. इथं समदे मला पेज पाजतात." मी हसले. पाऊण तास इकडचं तिकडचं बोलले, आणि सांगायचं ते न सांगताच लातूरला परत आले. नवव्या दिवशी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा, महादेवचा, फोन आला. सर गेले.

सर लातूरला कॉलेजात कॉमर्स शिकवायचे. वडील नांदेडच्या जुन्या वस्तीत भांड्यांना कलई करायचे, त्यांच्यासोबत सर लहानपणी दारोदार हिंडलेले. म्हणून विद्यापीठानं उद्योजकता नावाचा विषय आणला, तेव्हा बाकीच्यांनी अंग काढून घेतलं आणि यांनी तो हौसेनं मागून घेतला. पण नेमकं त्याच काळात लातुरात ट्यूशनचं वारं सुटलं होतं. गल्लीगल्लीत पाट्या लागल्या, ज्याचं त्याचं पोरगं डॉक्टर नाहीतर इंजिनियर. कॉलेजनं सरांची खोली ज्यादा तासांसाठी काढून घेतली. माझी खानावळ कॉलेजच्या मागंच, वरच्या चार खोल्यांत बारा मुली राहायच्या, आणि मागं अंगणात जेवायचा पत्र्याचा हॉल. सर आले आणि म्हणाले, "आक्का, दुपारी तीन ते चार तुमचा हॉल रिकामा असतो. सहाच पोरं हायत, गडबड करणार न्हाईत." तेव्हापासून अकरा वर्षं तो तास माझ्या हॉलमध्ये भरला.

मी भाजी निवडत ऐकत बसायचे. सरांचा एकच नेम होता. धंद्याच्या योजनेचा कागद लिहिण्याआधी वस्तूचा एक नमुना करायचा, तो दहा दारांवर न्यायचा आणि दहा नकार वहीत उतरवून आणायचे, समोरच्याच्या शब्दांत. महादेवनं कारळाची चटणी केली होती. त्याच्या वहीत दहा वेळा लिहिलेलं, 'सध्या गरज नाही'.

"महादेव, ही दहा घरं एकाच बाईची हायत का रे?" सरांनी विचारलं.

पोरं हसून लोटपोट. महादेव कानापर्यंत लाल झाला. "सर, खरं सांगू? एक बाई म्हणली, तुझ्या चटणीपेक्षा माझ्या सासूची जीभ बरी."

"अरे मग हेच लिही की! हे सोनं हाय. गोड नकार घेऊन काय करायचंय? त्यानं माणूस बुडतो."

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा सरांच्या तासाची सुनीता माझ्याकडं वरच्या खोलीत राहायची, म्हणून वाचली. गावात वडील आणि धाकटी बहीण गेली. आई पत्र्याच्या शेडमध्ये. लांबलांबून ट्रक भरून कपडे आले होते, नायलॉनच्या साड्या, कोट, काय काय... आमच्या बायका ते कधी नेसणार? शेडपुढं ढीग पडून होते. सुनीता सरांना म्हणाली, "सर, त्याच्या वाकळा शिवू. आमच्याकडच्या बायांना दुसरं काय येत न्हाई. हाताला काम नसलं की नुसत्या रडत बसतात." वाकळ म्हणजे आमची जाड गोधडी, कापडावर कापड ठेवून शिवलेली. सर म्हणाले, एक शीव आणि दहा दारं कर.

पहिलं दार माझं.

खांद्यावर वाकळ टाकून ती जिना उतरून आली. "मावशी, हात लावून बघा की. मुलींना थंडीला बारा लागतीलच." मी हात लावला. उबदार होती, टाके एकसारखे, मुंगीच्या रांगेसारखे. आणि मनात आलं, जिथं एवढी माणसं दबली तिथून आलेलं पांघरूण... त्याखाली बारा लेकरं झोपवायची? आमच्याकडं गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. हे कपडे जित्या माणसांनी दिलेत, मला चांगलं माहीत होतं. तरी मन मागं सरलं. पण हे त्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगू? मी म्हटलं, "लई छान झालीय गं. पण मागच्याच महिन्यात नव्या चादरी घेतल्या. ठेवायला जागा न्हाई बघ."

तिनं तसंच लिहून घेतलं. बाकीची नऊ दारंही आमच्या गल्लीतलीच, तिच्यावर जीव असणारी. आत्ताच घेतलंय, संक्रांत होऊ दे, मग बघू. एरवी गोड नकार लगेच ओळखणारे सर, पण त्या वर्षी पोरीकडं बघून त्यांचंही काळीज मऊ झालं असावं. वही वाचून म्हणाले, "मालाला कुणी नाव ठेवलं न्हाई. वेळ तेवढी चुकली. पावसाळ्याच्या तोंडाला विकू. शिवा."

बाया शिवत राहिल्या, अख्खा उन्हाळा, तापलेल्या पत्र्याखाली. साठ वाकळा झाल्या. सुनीताचे डोळे किती दिवसांनी हसले होते!

रेणापूरच्या बाजारात आम्ही टेम्पो नेला. सर, सुनीता, तिची आई आणि मी. एका म्हातारीनं वाकळ उलटीपालटी केली, खूश झाली. "कुठल्या गं तुमी?" सुनीतानं गावाचं नाव सांगितलं. म्हातारीनं वाकळ खाली टाकली आणि हात पदराला पुसला.

"मढ्याचं इकाया आणलंस व्हय गं?"

"आजी, मुंबईच्या जित्या माणसांचे कपडे हायत हे."

"आसू दे बाई. आमच्या घरात लेकरं हायत."

बाजारात बोल पसरायला किती वेळ लागतो? दुपारपर्यंत कुणी आमच्यापाशी थांबेना. सुनीताच्या आईनं एकेक वाकळ घडी घालून परत टेम्पोत रचली. वाटेत सुनीता म्हणाली, "हे आधी एकानं तरी सांगायचं की. शिंप्याकडच्या नव्या चिंध्या आणल्या असत्या आपण." सरांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं, मग रस्त्याकडं पाहत बसले. मी पदर सारखा करत राहिले.

शेडमधल्या बायांनी पुन्हा सुई धरली नाही. सुनीता तासाला यायची थांबली, परीक्षाही दिली नाही. वर्षाच्या आत मामानं तिचं लग्न नांदेडला लावून दिलं. तो धंदा चाललाच असता असं मी म्हणत नाही... पण पहिल्याच दिवशी तिला कळलं असतं. पुढं सहाची चार पोरं झाली, चाराची दोन, आणि विषयच बंद पडला. सर निवृत्त होऊन नांदेडला गेले. माझ्याकडं ट्यूशनची पोरं जेवायला येऊ लागली.

सरांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला नांदेडला गेले तेव्हा सुनीता आत बायकांत बसलेली दिसली. केस पिकलेत आता. ट्यूशनच्या मुलींच्या होस्टेलवर देखरेखीला असते. तिच्याशेजारी बसले आणि सरांना न सांगितलेलं तिला सांगून टाकलं, सगळं, चादरीच्या थापेसकट. तिनं सतरंजीची सुरकुती हातानं सारखी केली.

"मावशी, तुमचा हात मागं गेलेला दिसला होता मला."

"मग लिहिलं का नाहीस गं?"

"लिहिलं असतं तर सर तुम्हाला बोलले असते."

फरीदाभाभींनी ताटं आणून ठेवली, आम्ही खाली मान घालून जेवलो.

परत आल्यापासून तीन वाजता हॉल रिकामा झाला की मी सरांच्या जागेवर जाऊन बसते. भिंतीकडच्या बाकाचं शेवटचं टोक. सर मुलांना मधे बसवायचे आणि आपण तिथं. मी चहा द्यायला गेले की विचारायचे, "सर, बरं हाय ना इथं?" "एक नंबर, आक्का," सर म्हणायचे आणि रुमालानं मान पुसायचे. इतकी वर्षं मी त्या टोकाला कधी टेकलेच नव्हते. वरचा पत्रा भट्टीसारखा तापलेला असतो, आणि पंख्याचा वारा तिथं पोचतच नाही.