तळाची हुग्गी

लग्नाच्या जेवणात उरलं तर "एवढं कशाला केलं?" आणि संपलं तर "कमी का केलं?" केटरिंगच्या धंद्यात केस पांढरे झाले, पण या दोन्हींच्या मधलं माप मला अजून सापडलेलं नाही. उरलेला भात, भाजी मी मजुरांच्या वस्तीवर पोचवते, त्याचं काही नाही. घोळ होतो तो तळाशी राहिलेल्याचा.

माझ्या सासूबाईंची शिस्त होती, नवरी मांडवात आहे तोवर गोडाचं पातेलं खरवडायचं नाही. तिच्या संसाराला बरकत राहते म्हणे. सासूबाई गेल्या, शिस्त माझ्या हातात राहिली.

भवानी पेठेतल्या एका घरचं लग्न होतं. हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, फक्कड जमली होती. शेवटच्या पंगतीत नवरदेवाच्या मामांनी हुग्गी मागितली आणि मी सवयीने सांगून बसले, "संपली." मामा तडक पानावरून उठले. मुलीचे वडील तरातरा स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी पातेल्यावरचं झाकण उचललं.

"हाय की हितं! आन संपली म्हणून सांगता? ताई, व्याह्यांपुढं नाक कापलं की माझं. वाढा आत्ताच्या आत्ता!"

मी डाव हातात घेतला, तोच त्यांची आई दारात. "हात लावशील तर बघ! तळ खरवडून पोरीला रित्या घरात धाडता व्हय?"

"आई, मामा उपाशी उठलाय!"

"उठू दे."

जेवण सांगायला आले होते वडील, पण पदार्थ ठरवले होते आजींनी. ऐकायचं कुणाचं? मला राग येत होता, लाजही वाटत होती, आणि दोघांचंही पटत होतं.

गलका ऐकून नवरीच आत आली. तिने कुणालाच विचारलं नाही. माझ्या हातातला डाव घेतला, पातेलं तिरपं केलं, वाटी भरली आणि मामांपुढे नेऊन ठेवली. मामा परत बसले, हसलेसुद्धा. वडिलांचा जीव भांड्यात पडला. आजी मात्र भिंतीकडे तोंड करून बसल्या.

पाठवणीच्या वेळी त्यांनी मला बाजूला ओढलं. "थोडं तरी ऱ्हायलंय का गं?"

मी पातेल्यात बघितलं. काठाला चार-दोन दाणे चिकटले होते. "हाय की, आजी," म्हटलं आणि घाईने झाकण ठेवलं. खरं बोलले की खोटं, माझं मलाच कळेना. आजी पदराने डोळे पुसून नातीकडे गेल्या.

ते पातेलं मी तसंच घरी आणलं. भांडी घासणारी बाई विचारून विचारून वैतागली. शेवटी न राहवून मुलीच्या वडिलांना फोन लावला, माळशिरसला सासरी लेक पोचली का म्हणून.

"व्हय, पोचली की सुखरूप. का ओ, ताई?"

काय सांगणार? "काही नाही," म्हटलं, आणि मगच पातेलं नळाखाली धरलं.