पोटची नाही, एवढंच लिहा

मुंबईच्या अमेरिकन वकिलातीचं पाकीट आलं तेव्हा मी सेकंड शिफ्टला निघाले होते. एक चप्पल पायात, एक हातात. तशीच उभ्या उभ्या फोडलं. माझे कागद चालणार होते, लग्नाचा पुरावाही चालणार होता. मुलीचा चालणार नव्हता. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव दुसरंच आहे, तेव्हा ही मुलगी तुम्हा दोघांचीच असल्याचा ग्राह्य पुरावा व्हिसाच्या मुलाखतीला आणावा, असं त्यांनी सभ्य भाषेत कळवलं होतं. सभ्य भाषेचा मला तेव्हापासून राग आहे. 'नाहीतर तिला सोडून या' असं सरळ लिहिलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

नवरा पिंपरीत एका कारखान्यात टर्नर होता. हात चांगला होता, म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं अमेरिकेत गेला आणि तिकडंच टिकला. दर महिन्याला पत्र यायचं, त्यातलं अर्धं थंडीबद्दल आणि उरलेलं 'लवकर या' एवढंच. जसं काही मी इथं पाय पसरून बसले होते! मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. तिन्ही शिफ्ट फिरत्या. कधी पहाटे निघायचं, कधी मध्यरात्री परतायचं. चाळीतल्या एका खोलीत तान्हं मूल ठेवून हे जमणार कसं? म्हणून मुलगी दहा महिन्यांची असताना मी तिला सासरी ठेवली. मोशीच्या पुढं, इंद्रायणीकाठी आमचं गाव. तिथं थोरले दीर आणि जाऊबाई. त्यांना मूल नव्हतं.

मुलगी त्यांच्याकडंच वाढली. मी सुट्टीच्या दिवशी जायचे, तिच्या वेण्या घालायचे, संध्याकाळच्या बसनं परत यायचे. ती दिरांना तात्या म्हणायची, जावेला थोरली आई आणि मला धाकली आई. गावात सगळ्यांना याचं कौतुक. मला नव्हतं. मी हसायचे, पण बसमध्ये बसले की डोळ्यांना पदर लावायचे.

आता दाखल्यावर दिरांचं नाव कसं आलं ते सांगते, म्हणजे कुणी आमच्यावर लबाडीचा आळ घेणार नाही. तिला शाळेत घालायला दीरच घेऊन गेले. आमच्या घरात सगळ्याला कर्त्याचं नाव. शेतसारा त्यांच्या नावावर, रेशनकार्ड त्यांच्या नावावर, डेअरीत घातलेलं दूधसुद्धा त्यांच्याच. 'ही माझ्या भावाची' असं चारचौघांत म्हणणं म्हणजे घर फुटलं असं जाहीर करणं. दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा, की वाटण्या कधी झाल्या. दिरांनी मुलीला आपलं नाव लावलं आणि गुरुजींनी ते लिहून घेतलं. माझ्या नवऱ्याला हे माहीत होतं, मलाही. आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सातासमुद्रापलीकडचा साहेब आमच्या घरातलं नाव वाचायला बसेल हे स्वप्नातही आलं नव्हतं.

मग माझी वणवण सुरू झाली. तशी मी मुळातच एका जागी न बसणारी. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पाकीट आल्यापासून तर मला भाकरी थापायलाही बसवेना. मुलीचा जन्म माझ्या माहेरी, जुन्नरकडच्या एका वाडीत, सुईणीच्या हातून झाला होता. माझ्या वडिलांनी त्याची नोंद कुठं केलीच नव्हती. म्हणून जन्मदाखल्याच्या जागी ग्रामसेवकाकडून 'नोंद आढळत नाही' असा कागद हवा होता. 'आहे' असा कागद मिळवण्यापेक्षा 'नाही' असा कागद मिळवायला जास्त हेलपाटे पडतात हे मी तिथं शिकले. ग्रामसेवक म्हणाले, "जे नाहीच, त्याचा दाखला कशाला हवा, ताई?" मी म्हटलं, तुम्ही लिहून द्या, मग मी जाते. दिल्याशिवाय हललेच नाही.

शाळेचे हेडमास्तर सज्जन, पण कच्चे नव्हते. ज्याचं नाव रजिस्टरला आहे त्यानं शपथेवर सांगितल्याशिवाय मी रेघ ओढणार नाही, म्हणाले. मग पिंपरी कॅम्पात कापडाच्या दुकानावर एक वकील बसायचे, त्यांना गाठलं. त्यांनी सगळे कागद उलटेपालटे केले आणि दोन वाटा सांगितल्या. एक, थोरले दीर आणि जाऊबाई या दोघांनी दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र करायचं, की मुलगी त्यांची नाही. कागदावर जो बाप, त्याची बायको ती आई, म्हणून दोघंही हवेत.

"आणि दुसरी वाट?" मी विचारलं.

"तुम्ही तिला रीतसर दत्तक घ्या."

स्वतःच्या पोरीला दत्तक! घरच्या आडाचं पाणी विकत घ्यायचा प्रकार. मी वकिलांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. पुढं जिना उतरताना मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूही आलं.

सुट्टीच्या दिवशी गावी गेले. दिरांसमोर मी डोक्यावर पदर घेऊन, दारामागूनच बोलायचे. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "करू की सही. पोरगी बापाकडं जायलाच पायजे." मला हायसं वाटलं. जाऊबाई ओसरीवर बाजरी पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं नाही.

"जाऊबाई, तुम्हालाही यावं लागेल," मी म्हटलं. "अंगठा द्यावा लागेल."

"मी न्हाई येनार."

"अहो, नुसतं एवढं म्हणायचंय की..."

"काय म्हनायचं त्ये कळलं मला. माझी न्हाई म्हनायचं. ती बी शपथ घिऊन." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी हिला न्हाऊ घातलं, गोवर निघाला तवा मांडीवर घिऊन बसले. आन् देवाची शपथ घिऊन सांगू, माझी न्हाई म्हनून? खोटी शपथ बाधती. मला न्हाई बाधायची. पोरीला बाधंल."

मला शपथ म्हणजे स्टँपपेपर. त्यांना शपथ म्हणजे पोरीच्या जिवाशी खेळ. आज हे मला कळतं. तेव्हा डोक्यात नुसती आग होती. मुलाखतीची तारीख जवळ येत होती. मी तोंडाला येईल ते बोलले. "तुम्हाला पोर सोडायचीच नाही, असं सरळ सांगा की!"

"सोडायची हाय गं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "सोडायला तर मी कवाच तयार हाय. शपथ न्हाई घ्यायची."

मी पोरीला न भेटताच बस धरली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कंपनीत बेल्टवर बाटल्या यायच्या आणि माझे हात भलतीकडंच असायचे. एकदा माहितीपत्रक न घालताच खोकी बंद केली, सगळी परत उघडावी लागली. सुपरवायझर म्हणाले, "ताई, तुम्ही आत्ताच अमेरिकेला पोचलात काय?" रस्त्यावर बस थांबली की मी खिडकीशी, जाऊबाई उतरल्या का बघायला. नवऱ्याला पत्र लिहायला बसायचे आणि फाडून टाकायचे. एक मन म्हणे, एकटीच जा, मागाहून नेता येईल. दुसरं मन म्हणे, मागाहून तुला ती धाकली आई तरी म्हणेल का? जीव असा टांगणीला लागला होता की शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे.

आणि एका सकाळी जाऊबाई दारात. चांगल्यातलं लुगडं, हातात पोरीचा हात, मागं दीर. आल्या आल्या म्हणाल्या, "चल. पर कागूद मला वाचून दाखवायचा. समदा." चहासुद्धा घेतला नाही.

पुण्याच्या कचेरीबाहेर झाडाखाली टंकलेखक बसतात, त्यांच्यातल्या एकाकडं वकिलांचा मसुदा दिला. पोरीला शेंगदाण्याची पुडी देऊन कट्ट्यावर बसवलं. टंकलेखकानं खटखट करून कागद ओढला आणि वाचायला लागला. 'सदर मुलगी आमची नाही. तिच्याशी आमचा कोणताही संबंध नाही व तिच्यावर आमचा कोणताही हक्क नाही.'

"थांबा," जाऊबाई म्हणाल्या. "ह्ये कुनी सांगितलं? खोडा."

"आजी, मसुदा ठरलेला असतो."

"मी ईस दिस इचार केलाय, दादा. पोटची न्हाई, ह्ये खरं हाय. त्याची शपथ मला घेता येती. तेवढंच लिवा. पोटची न्हाई, धाकल्या जावंची हाय. आन् पुढं लिवा, दहाव्या म्हैन्यापासनं मी सांभाळली."

"जाऊबाई, हे शेवटचं नको. वकील म्हणाले, जेवढं कमी तेवढं बरं. साहेब म्हणेल, मग पोर ठेवा हिच्याचकडं. सगळं मुसळ केरात जाईल!"

"मग ऱ्हाऊ दे. मी जाते."

मी दिरांकडं पाहिलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे कागद तिच्या मनासारखा होऊ दे. मी गप्प बसले. माझ्यासारखीनं गप्प बसणं म्हणजे काय हे मला ओळखणारी माणसंच जाणतात.

टंकलेखकानं कुरकुरत नवा कागद चढवला. दंडाधिकाऱ्यासमोर दिरांनी सही केली. जाऊबाईंना शपथ दिली तेव्हा त्या शब्द न् शब्द सावकाश बोलल्या. अंगठ्याची शाई त्यांनी पुसली नाही. बाहेर आल्यावर पोरीला जवळ ओढलं आणि मला म्हणाल्या, "आता तू घे."

"काय?"

"शपथ. हिच्या डोक्यावर हात ठेव. साह्यबानं पोरीला इचारलं, तर ती सांगंल त्ये सांगू द्यायचं. तिचं त्वांड दाबायचं न्हाई. हितं बी, आन् तिकडं गेल्यावर बी."

मी शपथा मानत नव्हते. तरी हात ठेवला. पोरीचे केस उन्हानं तापले होते.

मुंबईला जाताना गाडीत माझी जीभ शिवशिवत होती. पोरीला पढवावं, आईचं नाव विचारलं की माझंच सांग, थोरलीचं नावच काढू नकोस. लोणावळा गेलं, घाट उतरून कर्जत गेलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी तोंडात पदराचा बोळा धरल्यासारखी बसले होते. सारखी उठत होते, बसत होते. समोरच्या बाईंनी विचारलं, काही दुखतंय का?

वकिलातीतला साहेब गोरा, तरुण. शेजारी मराठी बोलणाऱ्या बाई. त्यांनी पोरीला विचारलं, "तुझं सगळं कोण करतं गं घरी? जेवण, वेणीफणी?"

"थोरली आई," पोरगी म्हणाली.

झालं, मी मनात म्हटलं. बुडाले. तोंड उघडणार होते, पण तळहातावर तिच्या केसांची ती ऊब आठवली आणि ओठ मिटले.

"मग या कोण?"

"ही आई. धाकली. मी हिच्या पोटची आहे, पण हिला कंपनी असते ना."

"आणि शाळेत काकांचं नाव का?"

"आमच्यात सगळ्यांना तात्यांचंच नाव असतं," पोरगी म्हणाली. तिला हा प्रश्नच खुळ्यासारखा वाटला असावा. "डेअरीत म्हशीला पण."

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं तसा साहेब मोठ्यानं हसला. मग त्यानं जाऊबाईंचं प्रतिज्ञापत्र काढलं, त्याखालचं इंग्रजी भाषांतर शोधलं आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबला. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ओळ कुठली ते ठाऊक होतं. दहाव्या महिन्यापासून मी सांभाळली. पोरीनं सांगितलेलं आणि कागदावरचं तंतोतंत जुळत होतं. ती ओळ नसती, आणि पोरीनं थोरलीचं नाव घेतलं असतं, तर आम्ही खोटे ठरलो असतो. साहेबानं मान डोलावली. कागद ग्राह्य धरला होता.

दुसऱ्याच दिवशी गावी गेले. जाऊबाई चुलीपुढं होत्या. मी सगळं सांगितलं, म्हशीचंसुद्धा. त्या हसल्या नाहीत. फुंकणी हातात तशीच.

"मंजी मी बी हाय म्हन की त्या कागदावर."

"हो. तुमच्या त्या ओळीनंच तर झालं, जाऊबाई."

"आन् त्यो कागूद? परत देत्यात?"

"नाही. पोरीच्या कागदांबरोबर तो तिकडं जाणार. तिकडंच राहणार."

त्यांनी चुलीत फुंकर घातली. धूर झाला. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "तेवढी तरी मी पोरीपाशी ऱ्हाईन."

मला बोलायचं होतं, माफी मागायची होती, काय काय सांगायचं होतं. मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडले. त्या म्हणाल्या, "आगं सरक, भाकरी करपंल."