ग्रीक निरोप्या

बेल वाजवली की काका दोन पावलं मागे सरकून उभे राहायचे. दार उघडणाऱ्याला आपण डोक्यापासून पायापर्यंत दिसलो पाहिजे, असा त्यांचा हट्ट. "नाटकातला निरोप्या लांबून दिसतो," ते म्हणायचे. "लोकांना तेवढाच वेळ मिळतो."

कसला वेळ, ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधल्या आम्हा मराठी मंडळींना चांगलं ठाऊक होतं. पुण्याला, नाशिकला, साताऱ्याला कोणाचे आई-वडील गेले, की घरचे लोक इथल्या मुलाला एकदम फोन करायला कचरत. तो एकटा असेल, गाडी चालवत असेल. मग फोन काकांना जाई. काकांचं त्यांना एकच सांगणं, "मी पोचेपर्यंत फॅमिली ग्रुपवर काही टाकू नका." आणि डोक्यावर टोपी चढवून ते ट्रॅम पकडत. हे काम त्यांना कोणी नेमून दिलेलं नव्हतं. पस्तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेलेली, बायको देवाघरी, एकुलती एक मुलगी फ्रँकफर्टला. इथला जुना माणूस म्हणून कोणीतरी पहिला फोन त्यांना केला आणि मग तो पायंडाच पडला.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाचं दारात स्वागत कसं होणार? एकदा ते एका बाईंचा डबा परत द्यायला गेले. बाईंनी दार उघडलं, यांना पाहिलं आणि भिंतीला टेकून रडायलाच लागल्या. "अहो, डबा! डबा आणलाय!" काका ओरडत राहिले. तेव्हापासून नुसतं भेटायला जाताना ते हातातली वस्तू डोक्याच्या वर धरून उभे राहत. आम्ही हसायचो. पण अवेळी बेल वाजली आणि दारात पोस्टमन दिसला, तर त्याला मिठी मारावीशी वाटायची.

नाटकाचा वर्ग त्यांनी यासाठीच काढला, असं माझं मत आहे. महिन्यातून एका रविवारी, दुपारी एक वाजता, चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये. "लोकांनी मला हसताना बघायला पाहिजे," ते मला म्हणाले होते. तरुणपणी पुण्यात हौशी नाटकांत कामं केलेली, ते वेड अंगात होतंच. सुरुवात ग्रीकांपासून. डोंगराच्या उतारावर बसलेलं अख्खं गाव, खाली गोल अंगण, त्यात गाणारा-नाचणारा कोरस, मागे एक साधी खोली. "सगळे खून त्या खोलीत," असं म्हणून काका हॉलच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवत. "प्रेक्षकांसमोर कोणी मरत नाही. निरोप्या येतो आणि सांगतो. गेनाऊ, अगदी आपल्यासारखं! आपलं माणूस आपल्यासमोर कुठे मरतं?"

हॉल एकदम गप्प व्हायचा. मग त्यांचेच धाबे दणाणत आणि ते घाईघाईने पुढे सरकत. "आल्झो, तर रोमन लोकांना दम नव्हता. त्यांना रक्त समोर पाहिजे." मध्ययुगात नाटक चर्चच्या दारातून बाजारात आलं, गाड्यांवर चढलं, सुतारांनी आणि पाववाल्यांनी बायबलमधले प्रसंग आपसांत वाटून घेतले, हे सांगताना काका स्वतःच त्या नाटकांतला, पाप्यांना गिळणारा नरकाचा जबडा व्हायचे. मराठीला जर्मनमधून उत्तर देणारी आमची पोरंसुद्धा तेव्हा खिदळायची.

रेनेसान्सच्या रविवारी मी पहिल्या रांगेत होतो. इटलीतली बंदिस्त नाट्यगृहं, आणि रंगमंचावर रंगवलेला लांबच लांब रस्ता. काकांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात तसा रस्ता करून आणला होता. "हा फक्त एका खुर्चीवरून सरळ दिसतो. राजाच्या. बाकीच्यांना वाकडा." त्यांनी मला त्या खुर्चीवर बसवलं, डोक्यावर कागदी मुकुट ठेवला आणि माझी अशी काही टिंगल केली की हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके रंगात आलेले काका मी कधी पाहिले नव्हते. तासाभराचा वर्ग त्या दिवशी तीनपर्यंत चालला.

"चला, तुमच्या घरापर्यंत येतो," ते म्हणाले. आमच्या जिन्यात मी किल्ली काढली आणि मागे वळून पाहिलं, तर ते खालच्या पायरीवर थांबलेले, टोपी हातात.

"साताऱ्याहून तुमच्या भावाचा फोन होता," ते म्हणाले. "वडील गेले."

"कधी आला फोन?"

"साडेबाराला."

म्हणजे वर्ग सुरू होण्याच्या आधी. मी दीडची गाडी धरली असती, तर फ्रँकफर्टहून त्याच संध्याकाळचं विमान मिळालं असतं. आता ते गाठता येणार नव्हतं. एवढं काटेकोर काम केलेल्या माणसाने विमानाची वेळ तेवढी बघितली नव्हती. मला उद्याचंच मिळेल, असं काकांनी धरलं होतं. वडील मला शेवटचे दिसणार नव्हते. भाऊ अंत्यसंस्कारासाठी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबला. त्यापुढे त्याला थांबता आलं नाही.

"दोन तास तुम्ही मला हसवत बसलात?" मी जिन्यातच ओरडलो.

"तुम्ही आल्या आल्या हसत होतात हो," ते म्हणाले. "मला ते मोडवलं नाही."

मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. वर्ग बंद पडला. निरोपाचे फोन आले तरी ते म्हणत, "दुसऱ्या कोणाला तरी सांगा." माझा राग कधीच ओसरला होता. उलट मनात सारखं यायचं, की ते दोन तास माझे वडील माझ्यापुरते जिवंत होते, आणि ते मला या माणसाने दिले. हे त्यांना सांगायला ट्रॅमचे चार थांबे जायचे होते. मी गेलो नाही. अजूनही रविवारी दुपारी बेल वाजली की मी दाराच्या छिद्राला डोळा लावतो. शेजारचा कोणी असतो. तरी त्याच्या मागच्या पायरीवर कोणी उभं नाही ना, हे मी बघून घेतोच.

या मार्चमध्ये त्यांच्या शेजारीणबाईंचा फोन आला. काका पहाटे झोपेतच गेले होते. फ्रिजवर जर्मनमध्ये लिहिलेला एक कागद होता: मला काही झालं तर मुलीला फोन करू नका. खाली माझं नाव आणि माझा नंबर.

मी फ्रँकफर्टची गाडी धरली. काय बोलायचं, ते वाटभर मनात घोकत होतो.

"दादा! तू इकडे? कॉम राइन, आत ये!" तिने दार सताड उघडलं. लहानपणापासून इथेच वाढलेली. निरोप्याबिरोप्या तिला काही माहीत नव्हतं.

"ऑफिसचं काम होतं," मी म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

तिने नवं घर दाखवलं. बाल्कनी, मग एक छोटी खोली, तिथे नवी कोरी गादी. "हा पापाचा रूम. नेक्स्ट वीक येतोय तो. सकाळी फोटो पाठवला, अजून बघितलाच नाही. टिपिश पापा, नेहमीचंच!" आणि ती हसली, अगदी त्यांच्यासारखी, मान मागे टाकून.



"चहा करू? पण मला वेळ लागतो हं."

"कर," मी म्हणालो. "सावकाश कर. मला घाई नाही."