शांतता समितीतल्या पार्बताबाई

बोरखेडीत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, तशी ठाण्यात शांतता समितीची बैठक भरली. सोळा सभासद, त्यातल्या अकरा जणांवर मागच्या निवडणुकीतल्या दगडफेकीचे गुन्हे. ठाणेदारांचा विचार सरळ होता: भांडणारेच समितीत घेतले की भांडायला बाहेर कोणी उरत नाही. एक महिला सक्तीची होती, म्हणून बचत गटाच्या अध्यक्ष पार्बताबाईंना बोलावलं. त्या नुकत्याच अमरावतीच्या बाजारात मेथी विकून ऑटोनं परतल्या होत्या. सही करायची आणि घरी जायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

दोन्ही पॅनलचे पुढारी, केशवराव आणि कुलदीप, शांततेवर बोलले. केशवराव तर फारच छान बोलले. मागच्या वेळी मतदान केंद्राची खिडकी त्यांच्याच माणसानं फोडली होती, त्यामुळं विषयाचा अभ्यास होता.

"काही सूचना?" फाइल मिटता मिटता ठाणेदारांनी विचारलं.

पार्बताबाई उठल्या. "साहेब, मागच्या खेपेले दगड मारनारे सारे इथंच बसून हायेत. मंग तुमी पहारा कोणावर ठेवून राहिले?"

कोणीतरी खोकलं.

"मतदानाच्या दिवशी या पंधराही जणायले ठाण्यातच बसवा. चहा-नाश्ता द्या. मत टाकाले एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, असे जोडीनं पाठवा, संग शिपाई द्या. रांग आमच्या गटाच्या बाया पाहून घेतीन."

"आमी कैदी हाओत काय?" केशवरावांनी विचारलं.

"कैदी काहून? तुमी तं समितीचे मानकरी."

ठाणेदारांना कल्पना पटली. दोन दिवसांत तिला 'संयुक्त दक्षता कक्ष' असं नाव मिळालं, फलक लागला आणि ती साहेबांना सुचल्याचं वर कळवण्यात आलं.

मतदानाच्या दिवशी मानकरी फलकाखाली बसले. मोबाइल टेबलावर जमा झाले. दुपारपर्यंत केशवराव आणि कुलदीप, पाच वर्षांचा अबोला विसरून, एकाच पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते.

इकडे केंद्रावर रांग मुकाट सरकत होती. म्हाताऱ्या माणिकबाईंना दर निवडणुकीत कोणी ना कोणी "मावशी, मी दाखवतो" म्हणत आत घेऊन जायचं आणि बटणही तोच दाबायचा. यंदा त्या एकट्या गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

"यंदा बटन म्याच दाबलं. कोनतं, ते नाई सांगत."

"नको सांगू, माय," पार्बताबाई म्हणाल्या आणि त्यांना सावलीत बसवलं.

महिनाभरानं सत्कार झाला. पंधरा जणांना 'अथक परिश्रमांबद्दल' प्रमाणपत्रं मिळाली. पार्बताबाई दिवसभर दक्षता कक्षात गैरहजर होत्या, त्यामुळं त्यांचं नाव यादीत बसलं नाही. ठाणेदारांना जरा ओशाळल्यासारखं झालं.

"मले कागद नको साहेब," त्या म्हणाल्या. "पुढच्या समितीत आमच्या चार बाया घ्या."

"नियमात एकच आहे, बाई."

"एक सक्तीची हाय. चारले मनाई कुठी हाय?"

ठाणेदारांनी नियम काढून वाचला. मनाई खरंच नव्हती. जिल्हा परिषदेच्या वेळी यादीत चार बाया आल्या. केशवरावांचं नाव मात्र कायम राहिलं, अनुभवी माणूस म्हणून.