बोलणं कळंल ना रं?

त्या म्हातारीची आठवण झाली की अजून माझं डोकं फिरतं. रोह्यातल्या आमच्या वन रूम किचनसाठी पहिलंच होम थिएटर घ्यायला मी पेणला गेलो होतो. दुकानात ती मुलाबरोबर आली होती. हल्ली तिला कमी ऐकू येतं, म्हणून तिच्यासाठीच खरेदी चालली होती. कानामागे हात धरून ती प्रत्येक स्पीकरपुढे वाकायची आणि विचारायची, "माणसं काय बोलतात ते कळंल ना रं यात? मला नुसती तोंडं हललेली दिसतात."

दुकानदार मात्र सिनेमातली मारामारीच लावत होता. फरशी हादरली की मुलगा खूश. "बेस बघा, बेस!" दुकानदार त्याला म्हणायचा. अरे पोरा, घरी नेऊन कुणाला हादरवायचंय तुला?

शेवटी मीच ओरडलो, "अहो, बातम्या लावा! माणसाचं बोलणं ऐकवा तिला!"

दुकानदारानं हसून आवाज आणखी वाढवला. म्हातारीनं पुन्हा तेच विचारलं. मुलगा खेकसला, "आये, तू गप बस गो जरा!"

तेवढं मात्र तिला स्वच्छ ऐकू आलं. कानामागचा हात तिनं खाली घेतला.