राखून ठेवलेला घेवडा

मोळीवाली एक दिवसाआड आमच्या परसदारी येई. मोळी उतरवली की डोक्यावरची चुंबळ झटके आणि थेट घेवड्याच्या मांडवाखाली जाऊन उभी राही. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी वेलाला मी कुणाला हात लावू दिला नव्हता. मुलगा नाताळात बोटीने मुंबईहून यायचा होता, आणि त्याच्यासाठी करायच्या पदार्थांच्या यादीत घेवड्याची भाजी पहिली होती.

एकदा तिने एक शेंग वाकवून पाहिली. ती मोडली नाही, नुसती वळली.

"वयनी, ही जून झाली. बी धरलान की वेल म्हणतो, झाला आपला काम. मग फुलं कशाला येतील? कवळी असतानाच काढायची."

"मग मुलाला काय वाढू?"

"आता काढत ऱ्हायलात तरच तेव्हा मिळंल."

तिचा नवराही मुंबईला गिरणीत होता. "तू त्याच्यासाठी काही राखून ठेवत नाहीस?" मी विचारलं.

"पयल्या साली ठेवलं व्हतं. आता पोरी खातात."

डाव्या हाताने वेल धरून, उजव्याने देठापाशी ती एकेक शेंग खुडू लागली. मीही खुडल्या. जून शेंगा तिने दाण्यांसाठी ओच्यात बांधून नेल्या.

आठवड्याने फुलं आली. नाताळात वेल कोवळ्या शेंगांनी भरला, पण मुलाला रजा मिळाली नाही. त्याचं पत्र आलं तो शेंगा काढायचा दिवस होता. मी त्या काढल्या, आणि आम्ही नवराबायको भाजी दोनदा वाढून घेऊन जेवलो.