शनिवारच्या यादीतलं नाव

उन्नती जेवली असेल का? चार दिवस हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. तिची आत्या फोनवर सांगते, ताट तसंच परत येतं.

माझी ही मुलगी बोईसरला वाढली. रात्री कारखान्यांकडून वास सुटला की तिला धाप लागायची. दाराच्या फटींत आम्ही ओले टॉवेल कोंबायचो. दहावीनंतर तिला माकुणसारला आत्याच्या वाडीत ठेवलं. तिथूनच ती विद्यापीठाच्या संगणक महाविद्यालयात जाते. तिसरं वर्ष. कॉलेजच्या संकेतस्थळावर बातम्या आणि येणाऱ्या व्याख्यानांची यादी तीच टाकते.

बोईसरजवळच्या नवापूरच्या कोळणी कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितात. वास आला की त्याच चौकोनात काळा टिपका देतात. उन्नतीने तीन वर्षांची जुनी कॅलेंडरं मागितली.

"रद्दीचं काय करशील गो बाय?" त्यांच्यातल्या मैनाबाई हसल्या. "आमी शिकलेल्या नाय. वास आला का टिपका मारतो, बस."

"मावशी, मला टिपकेच हवेत."

ते टिपके आणि वाऱ्याची दिशा तिने संगणकात जुळवली. सगळं कारखान्यांच्या एकाच रांगेकडे बोट दाखवत होतं. त्याच रांगेत तिचे वडील प्रताप सुपरवायझर आहेत. विभागप्रमुख सरांनी शनिवारसाठी ह्याच कामावर तिचं व्याख्यान ठरवलं. स्वतःचं नाव यादीत टाकून तिने मला फोटो पाठवला.

"बोलू दे तिला," फोटो पाहून एवढंच म्हणत हे अर्ध्या जेवणावरून उठले.

मी घाबरले. दुसऱ्या दिवशी सरांना फोन करून खोटं सांगितलं: तिची धाप वाढलीय, नाव काढा, मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका. सरांनी कारण न देता तिलाच नाव काढायला लावलं.

"आई, माझं काम कच्चंच असणार," ती म्हणाली. "मैनाबाईंनी शनिवारी ऐकायला यायला टमटम ठरवलीय. त्यांना काय सांगू?"

"पुढच्या वर्षी बघू," मी म्हणाले. तिच्याशीही खोटंच.

आज आत्याने कळवलं, उन्नतीने कॅलेंडरांचा गठ्ठा परत द्यायला बांधलाय. कॉलेज सोडायचं म्हणते. मग मात्र मी ह्यांना सगळं सांगितलं.

"माझ्या नोकरीसाठी भ्यालीस," हे म्हणाले. "मला विचारलंस?"

हे झोपलेत. सरांना सकाळी खरं सांगता येईल. उन्नतीला तोवर थांबवून ठेवायचा मला हक्क नाही. ती कदाचित यापुढे माझ्याशी बोलणार नाही. तरी आत्ताच तिला फोन लावते.